हंगाम उबदार सांगितला होता, मग रोपं गारठली कशी?

तुमच्या पत्रातला प्रश्न बराच मोठा होता, त्याचा गाभा असा: तीन आठवडे हवा चढत्या भाजणीनं तापत गेली. तुमच्या भागाच्या, म्हणजे हवामान-विभागाच्या, तिमाही अंदाजात 'सरासरीपेक्षा जास्त तापमानाची शक्यता ५५ टक्के' असं आलं. म्हणून रोपं आडोशातून बाहेर काढली, आणि पाठोपाठ चार रात्री अशा गेल्या की कोवळे शेंडे काळे पडले. अंदाज चुकला का? पंधरा किलोमीटरवरच्या ओळखीच्यांकडे काहीच कसं झालं नाही? फोनवरचा आकडा रोज बदलतो, त्यावर किती विसंबायचं? आणि वसंत आता दरवर्षी असाच लवकर येणार का?

अंदाज चुकला असं मी म्हणणार नाही. बरोबर आला असंही आज म्हणता येत नाही, कारण ज्या तीन महिन्यांबद्दल तो बोलतोय ते अजून सरायचेत. अडचण दुसरीच आहे. तिमाही अंदाज नव्वद दिवसांच्या सरासरीबद्दल बोलतो आणि रोप मरतं ते एका रात्रीत. त्या नव्वदांपैकी शहाऐंशी रात्री उबदार गेल्या आणि चार गोठवणाऱ्या, तरी हंगाम उबदारच ठरतो. कागदावर अंदाज उत्तीर्ण, वाफ्यात शेंडे काळे.

आधी त्या ५५ टक्क्यांची फोड करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. मागच्या तीस वर्षांचं, सध्या १९९१ ते २०२० या काळाचं, त्याच तीन महिन्यांचं सरासरी तापमान घेतात. वर्षं थंडीकडून उबेकडे ओळीनं लावतात आणि तीन समान वाटे पाडतात: दहा थंड, दहा मधली, दहा उबदार. येणाऱ्या हंगामाबद्दल काहीच ठाऊक नसेल तर तो कुठल्याही वाट्यात पडण्याची शक्यता ३३ टक्के. ५५ म्हणजे फासा उबदार बाजूला बऱ्यापैकी जड झालाय, एवढंच. उरलेले ४५ टक्के मधल्या आणि थंड वाट्यात आहेत आणि ते कुठेही पळून गेलेले नाहीत. त्यातही मधल्या आणि उबदार वाट्यांमधली सीमा पुष्कळ ठिकाणी सरासरीच्या वर अर्ध्या-पाऊण अंशावरच असते. नकाशावर लालभडक रंग दिसतो, पण त्याचा अर्थ 'सरासरीहून निदान अर्धा अंश जास्त असण्याची शक्यता वाढली आहे' इतकाच मिळमिळीत निघू शकतो. रंग किती गडद, यावरून ऊब किती ते कळत नाही. खात्री किती ते कळतं. हा फरक नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला असतो आणि तो कुणीच वाचत नाही. आम्हा अंदाज देणाऱ्यांतलेही सगळे वाचत नाहीत, हे आपल्यातच ठेवा.

आणखी एक खोच. पृथ्वीच तापत असल्यामुळे १९९१ ते २०२० ची सरासरी हे आजच्या मानानं थोडं जुनं, थोडं थंड माप झालंय. त्यामुळे 'सरासरीपेक्षा उबदार' हे उत्तर कुणीही डोळे मिटून दिलं तरी बहुतेकदा खरं ठरतं. तेव्हा अंदाजात 'उबदार' शब्द आला म्हणून फार दचकू नका आणि तो खरा ठरला म्हणून अंदाज देणाऱ्याची पाठही थोपटू नका.

हंगाम आणि आठवडा यांची फारकत किती होऊ शकते, याला भारतातली दोन लागोपाठची वर्षं बघा. मार्च २०२२ मध्ये देशभर पावसानं पाठ फिरवली, आकाश कोरडं राहिलं आणि देशाचं सरासरी कमाल तापमान ३३.१ अंशांवर गेलं. १९०१ पासूनच्या नोंदींत तोवर इतका तापलेला मार्च नव्हता. उत्तरेत गव्हाचा दाणा नेमका त्याच वेळी भरत होता. तो बारीक राहिला, आणि मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. पुढच्या वर्षी फेब्रुवारी २०२३ हा कमाल तापमानाच्या हिशेबात तोवरचा सर्वांत तापलेला फेब्रुवारी ठरला. भारतीय हवामान विभागानं मार्च ते मे या हंगामात देशाच्या बऱ्याच भागांत कमाल तापमान सरासरीच्या वर राहण्याची शक्यता सांगितली. आदल्या वर्षाची धग सगळ्यांच्या लक्षात होती, त्यामुळे सगळे उन्हाची वाट बघत बसले. आला तो पाऊस. मार्चच्या मध्यापासून वादळी सरी आणि गारा कोसळल्या आणि उभा गहू आडवा झाला. दोन वर्षं, एकच पीक, एकच महिना, आणि नुकसानीची कारणं अगदी परस्परविरुद्ध. हंगामाच्या एका सरासरीत ही दोन्ही कारणं मावत नाहीत.

मी अंदाजाच्या टेबलावर दोन तपांहून जास्त काळ काढलाय आणि यातली सर्वांत महाग चूक सुरुवातीच्या वर्षांत करून बसलोय. एका फळबागवाल्यानं विचारलं होतं, झाडांवरचं आच्छादन आता काढू का? समोर हंगामाचा नकाशा होता, बाहेर मस्त ऊन होतं. मी म्हणालो, काढा. अकराव्या रात्री वारा पडला, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ झालं आणि पहाटे पारा शून्याच्या खाली उतरला. दोन दिवसांनी तो गृहस्थ आला तो एक फांदी घेऊन. फुलं बाहेरून पांढरीशुभ्र, टवटवीत. मला वाटलं, बरं झालं, वाचलं. त्यानं काही न बोलता एक फूल नखानं उभं चिरलं. आत मधोमध, जिथून फळ धरायचं तिथे, मोहरीएवढा काळा ठिपका. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं, सगळ्यांत तोच. पाकळ्यांना पत्ताच नव्हता की फूल मेलंय. त्या दिवसापासून 'हंगाम कसा आहे' असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुम्हाला ठरवायचंय काय?

आता वसंत ज्यानं चढतो तो जिना. लोकांच्या डोक्यात वसंत म्हणजे सरळ चढ असतो: रोज थोडं अधिक ऊन, रोज थोडी अधिक ऊब. सूर्याचं गणित खरंच तसं सरळ आहे. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे उत्तर गोलार्धात २० मार्चच्या सुमारास, दिवस सर्वांत वेगानं मोठा होतो. ४५ अंश अक्षांशावर रोज सुमारे तीन मिनिटांनी, ६० अंशांवर साडेपाच मिनिटांनी, विषुववृत्ताजवळच्या २० अंशांवर मात्र जेमतेम एका मिनिटानं. पण थर्मामीटरवर दिसणारी ऊब फक्त त्या जागेवरच्या उन्हाची नसते. तिचा मोठा हिस्सा वाऱ्यानं दुसरीकडून वाहून आणलेला असतो. वसंतात ध्रुवाकडे हिवाळा अजून ठाण मांडून असतो आणि खाली उष्ण कटिबंधात उन्हाळा लागलेला असतो. मधल्या पट्ट्यावरून जेट प्रवाह, म्हणजे फार उंचावरचा वेगवान वारा, नागमोडी वाहत असतो. त्याचा फुगवटा तुमच्यावर आला की तीन दिवस मे महिना, खळगा आला की तीन दिवस जानेवारी. म्हणून पारा दोन पायऱ्या चढतो, एक उतरतो, पुन्हा दोन चढतो. महिन्याच्या शेवटी बघाल तर वर गेलेला असतो, पण मधल्या घसरणीतच बागा जातात.

भारतीय उपखंडाच्या उत्तर भागात हा चढ-उतार पश्चिमी झंझावातांच्या चालीनं होतो. भूमध्य समुद्राकडून येणारी ही प्रणाली जवळ येऊ लागली की पुढच्या बाजूला दक्षिणेकडचे वारे सुटतात, ढग येतात, रात्रीची थंडी कमी होते. लोक म्हणतात, गेली थंडी. प्रणाली पुढे सरकली की मागून वायव्येचा कोरडा, गार वारा घुसतो आणि पारा एकदम खाली येतो. युरोप-अमेरिकेत नावं वेगळी, रचना तीच.

यातून एक खूण हाती लागते. मला विचाराल तर वसंतातली ही सर्वांत कामाची खूण आहे, आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही. ऊब आली कशी, ते बघा. उत्तर गोलार्धात ती जोराच्या दक्षिणी वाऱ्यानं आली असेल, हवेचा दाब उतरत असेल आणि वर पिंजलेल्या कापसासारखे तंतुढग पसरत असतील, तर ती पाहुणी आहे. दोन-तीन दिवसांत तिच्या पाठीमागची थंडी येते. उलट दाब चढा, वारा मंद, आकाश निळं आणि रोज दुपारी मागच्या दुपारपेक्षा अर्धा-एक अंश जास्त, अशी मुंगीच्या पावलांनी आलेली ऊब असेल तर ती मुक्कामाला आलीय. वसंतातला अचानक आलेला सर्वांत गरम दिवस हा पुष्कळदा थंडीच्या आदला दिवस असतो. तुमच्या तीन आठवड्यांतले शेवटचे दोन दिवस, तुम्हीच लिहिलंय की, 'वारा भन्नाट सुटला होता आणि अंगात घातलेलं नको वाटत होतं.' तिथेच घंटा वाजली होती.

कधीकधी थंडीची तयारी याहून फार वर आणि फार आधी सुरू होते. हिवाळ्यात ध्रुवावर, स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, थंड हवेचा प्रचंड भोवरा फिरत असतो. तो काही वर्षी अचानक तापून फुटतो. फेब्रुवारी २०१८ च्या मध्याला तसा फुटला आणि दोन आठवड्यांनी, वसंताच्या तोंडावर, युरोपात पूर्वेकडून हाडं गोठवणारा वारा आणि बर्फ आला. वरची उलथापालथ खाली उतरायला आठवडे लागतात, आणि म्हणूनच ती आम्हाला उपयोगी पडते: दोन-तीन आठवडे आधी 'सावध असा' असं म्हणायला काहीतरी आधार मिळतो. कुणाच्या अंगणात, ते मात्र तेव्हा सांगता येत नाही.

लवकरच्या उबेचं खरं संकट तिच्या नंतर येणाऱ्या गोष्टींत आहे. झाड कॅलेंडर बघत नाही, ऊब जमा करत जातं. फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञानं १७३५ मध्येच हे मांडलं होतं की रोजच्या तापमानाची बेरीज करत गेलं तर पीक कधी फुलेल, कधी पिकेल याचा अदमास लागतो. आजचं 'ग्रोइंग डिग्री डे' हे माप त्याचंच नातवंड. फळझाडांना आधी ठरावीक तास थंडी लागते. तो कोटा पुरा झाला की मग ती उबेची मोजणी सुरू करतात. झोपेतली कळी कडाक्याची थंडी सहज सोसते. फुगलेली कळी कमी सोसते. उमललेलं फूल शून्याच्या खाली दोनेक अंशांतच बळी पडू लागतं. म्हणजे तीच थंडी, त्याच तारखेला. फक्त आधीचे तीन आठवडे उबदार गेले म्हणून ती घातक ठरते. मार्च २०१२ अमेरिकेत १८९५ पासूनच्या नोंदींतला तोवरचा सर्वांत उबदार मार्च होता. मिशिगनमधली आंबट चेरीची झाडं कित्येक आठवडे आधी जागी झाली. एप्रिलमधल्या थंड रात्री त्या भागात काही नवलाच्या नव्हत्या, पण त्या वर्षी त्यांच्या तावडीत उमललेली फुलं सापडली आणि सुमारे नव्वद टक्के पीक गेलं. फ्रान्समध्ये २०२१ साली तेच झालं: मार्चअखेर उन्हाळ्यासारखी हवा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास गोठवणाऱ्या रात्री, आणि द्राक्षमळ्यांत ओळीनं पेटवलेल्या हजारो मशाली.

पंधरा किलोमीटरवरच्या ओळखीच्यांचं कोडं मला यात सर्वांत आवडतं. 'विभाग' हा शब्द प्रशासनाच्या सोयीचा. हवेला हद्दी ठाऊक नसतात, तिला उतार ठाऊक असतो. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि जमिनीलगतचा हवेचा थर गार होत जातो. गार हवा जड. ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळते आणि खोलगट जागेत साचते. वाटेत एखादी दाट कुंपणाची ओळ किंवा भिंत आडवी आली तर तिच्या वरच्या अंगाला तळं साचावं तशी तुंबते. मग दरीच्या तळाशी गोठलेलं दव आणि उताराच्या मध्यावर चार-पाच अंश जास्त, असं एका हाकेच्या अंतरात होतं. जाणती माणसं नाजूक फळझाडं उताराच्या मधल्या पट्ट्यात लावत आलीत ती उगाच नाही. तुम्ही लिहिलंय की तुमची जागा ओढ्यालगत आहे आणि त्यांची टेकडीच्या बाजूला. उत्तर तुमच्याच पत्रात होतं.

त्यात मोजण्याची उंची आली. अधिकृत थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर असतो. तुमचं रोप वीतभर उंचीचं. शांत रात्री त्या दोन उंचींमध्ये तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. बातमीत 'किमान ३ अंश' असं वाचून निर्धास्त झोपलेल्या माणसाच्या वाफ्यात सकाळी पांढरं दव गोठलेलं असतं, ते यामुळे. मी नवखा असताना पहाटेच्या नोंदीला जाताना बुटांखाली गवत करकर वाजायचं आणि पेटीतला पारा मात्र अडीच अंश दाखवायचा. कुणावर विश्वास ठेवायचा हे गवतानं शिकवलं.

जमीन ओली की कोरडी, यानंही विभागातल्या विभागात मोठा फरक पडतो. ओल्या जमिनीवर पडलेल्या उन्हाचा बराच भाग पाणी वाफवण्यात खर्ची पडतो, हवा तापवायला कमी उरतो. म्हणून पाऊस झालेल्या पट्ट्यात दुपारी तीन-चार अंश कमी दिसतात, आणि जिथे हिवाळाभर थेंब नाही तिथे वसंत झपाट्यानं उन्हाळ्यात शिरतो. मार्च २०२२ ला तेच अंगाशी आलं. बर्फाळ मुलुखात हाच खेळ आणखी टोकाचा होतो. ताजं बर्फ आलेल्या उन्हातलं ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतं आणि उरलेलं वितळण्यात जातं. बर्फ असेपर्यंत जमिनीलगतची हवा फार तापूच शकत नाही, आणि ते गेलं की आठवड्याभरात ऋतू पालटल्यासारखा वाटतो. बर्फ कुठवर उरलंय ती रेषा तापमानाच्या नकाशावर अक्षरशः ओळखू येते.

समुद्रकिनाऱ्याचा न्याय वेगळा. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे किनाऱ्यावर वसंत रेंगाळतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पारा तिथेच थबकतो. पण जमिनीकडून येणारा वारा जोरात असला आणि त्यानं समुद्रवारा दुपारपर्यंत अडवून धरला, तर तोच किनारा आतल्या भागासारखा भाजून निघतो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले. मार्च महिन्यात, अरबी समुद्र हाकेवर असताना. किनाऱ्यावरचा अंदाज हा म्हणूनच बराचसा 'समुद्रवारा किती वाजता' याचा अंदाज असतो, आणि तो तासाभरानं चुकला की कमाल तापमान तीन अंशांनी चुकतं. डोंगराच्या ज्या बाजूला वारा खाली उतरतो तिथे आणखी निराळं: खाली दाबली जाणारी कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी तापते.

आता फोन. तिथे दिसणारा 'दहाव्या दिवशी २७ अंश' हा आकडा बघून मला हसू येतं, कारण तो इतका ठाम दिसतो. अंदाज काढणारी मोठी केंद्रं एकच गणित सोडवत नाहीत. सुरुवातीच्या स्थितीत बारीक बारीक फरक करून तेच गणित पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या केंद्राचा संच ५१ जणांचा आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत हे सगळे एकमेकांचा हात धरून चालतात. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत वाटा फुटतात. दहाव्या दिवशी कुणी १६ म्हणतो, कुणी ३० म्हणतो, आणि ॲप त्यातून एक आकडा उचलून तुमच्यापुढे ठेवतं. वसंतात ही फाटाफूट जास्त असते, कारण जेट प्रवाहाचा खळगा शे-दोनशे किलोमीटर इकडे की तिकडे यावर सगळं लटकलेलं असतं. शिवाय तो आकडा कित्येक किलोमीटरच्या चौकोनाचा आहे. त्या चौकोनात तुमचा ओढा नाही आणि त्यांची टेकडीही नाही.

तेव्हा रोज बदलणारा आकडा हा दोष मानू नका, तीच माहिती आहे. येत्या शनिवारचा आकडा सोमवारी किती होता, मंगळवारी किती, बुधवारी किती, एवढं कागदावर लिहून ठेवा. तीन दिवस तो एका अंशात राहिला तर भरवसा ठेवायला हरकत नाही. २४, १७, २२ असा उड्या मारत असेल तर गणिताला अजून काही कळलेलं नाही, आणि तुम्हीही काही ठरवू नका. माझा स्वतःचा हिशेब असा: तीन दिवसांपर्यंत आकडा, सात दिवसांपर्यंत कल, त्यापुढे फक्त सावधगिरी. दोन ते चार आठवड्यांच्या पट्ट्यात थोडाफार उजेड पडतो तो उष्ण कटिबंधातल्या ढगांच्या तीस ते साठ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घालणाऱ्या लाटेमुळे, जी मॅडन आणि ज्युलियन या हवामानशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवून दिली. तिमाही अंदाज मुख्यतः प्रशांत महासागराच्या तापमानावर, एल निनो की ला निना यावर, उभा असतो. आणि त्यातली गंमत अशी की नेमका वसंतातच महासागर एका अवस्थेतून दुसरीकडे वळत असतो, त्यामुळे त्या महिन्यांत पुढच्या हंगामाबद्दल केलेलं भाकीत वर्षातलं सर्वांत कच्चं असतं. आमच्या भाषेत याला वसंताचा अडसर म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये कुणी येत्या हिवाळ्याबद्दल छातीठोक बोलायला लागला की मी चहा मागवतो.

शेवटचा प्रश्न, हे आता कायमचं का? कल तर स्पष्ट आहे. जपानच्या क्योटोमध्ये चेरी कधी फुलली याच्या नोंदी इ.स. ८१२ पासून सापडतात. यासुयुकी आओनो या संशोधकांनी राजदरबारातल्या रोजनिश्या, पत्रं धुंडाळून त्या जुळवल्या. बारा शतकांहून लांब अशा त्या मालिकेत २०२१ साली बहर २६ मार्चला आला, तोवरच्या सगळ्या वर्षांपेक्षा लवकर. जगातल्या भूभागांचं तापमान २०११ ते २०२० या दशकात १८५० ते १९०० च्या तुलनेत सुमारे १.६ अंशांनी वर होतं. पण एका जागेवर, एका वसंतात, चढ-उतार याच्या कितीतरी पट असतो. तुमच्या पाच वर्षांच्या आठवणीवरून कल काढू नका; तीस वर्षांची किमान तापमानं काढा, आणि मध्ये केंद्राची जागा बदलली का तेही विचारा. गावाबाहेरच्या माळावरून इमारतींमध्ये आलेलं केंद्र रात्री दोन अंश जास्त दाखवतं, त्यात हवामानबदलाचा हात नसतो.

बागेच्या दृष्टीनं मला चिंता वाटते ती वेगळ्या गोष्टीची. बहर पुढे सरकतोय त्या वेगानं शेवटच्या थंड रात्रीची तारीख पुष्कळ ठिकाणी सरकत नाही. फ्रान्सच्या २०२१ च्या घटनेचा अभ्यास झाला तेव्हा हेच दिसलं: तशा रात्री पूर्वीपेक्षा कमी थंड झाल्यात खऱ्या, पण कळ्या त्याहून जास्त लवकर उमलतात, म्हणून नुकसानीची जोखीम वाढली. जग तापतंय म्हणजे रोपं आधी बाहेर काढायला मोकळीक मिळाली, हा हिशेब म्हणूनच फसतो. तुमचा तोच फसला.

मग आज रात्रीचं काय? दुपारी चारच्या सुमाराचा दवबिंदू, म्हणजे हवा जितकी गार झाली की दव पडू लागतं तो आकडा, बघा. बहुतेक ॲपमध्ये तपशिलात दिलेला असतो. आकाश मोकळं आणि वारा पडलेला राहणार असेल तर रात्री पारा साधारण त्या आकड्यापर्यंत उतरतो आणि तिथे त्याचा वेग मंदावतो, कारण दव पडताना उष्णता सुटते. दवबिंदू आठ-नऊ असेल तर खुशाल झोपा. दोन-तीन असेल तर झाका. शून्याखाली असेल तर सर्वांत वाईट: पांढरं दव दिसणारही नाही, हवा कोरडीच राहून पेशी गोठतील आणि दुपारी पानं उकडल्यासारखी काळी पडतील. तुमच्या शेंड्यांचं वर्णन याच्याशी जुळतं. झाकायचं ते सूर्यास्ताच्या आधी, जमिनीत दिवसभराची ऊब शिल्लक असताना; रात्री अकराला झाकलं तर थंडीच कोंडाल. कापड जमिनीला टेकलेलं हवं आणि पानांना चिकटलेलं नको. दुपारी माती ओली केलीत तर ती जास्त ऊब धरून ठेवते.

आणि एक साधा किमान-कमाल थर्मामीटर घेऊन भिंतीपासून दूर, रोपांच्या शेंड्यांच्या उंचीला, लहानशा सावलीखाली लावा. सकाळी उठल्यावर त्याची रात्रीची किमान आणि शेजारी ॲपनं सांगितलेली किमान, दोन्ही लिहायच्या. ढगाळ आणि वाऱ्याच्या रात्री वेगळ्या रकान्यात, कारण त्या रात्री फरक उरतच नाही. दहा-बारा निरभ्र रात्रींत तुमच्या जागेची वजाबाकी हाती येते. माझ्या एका ओळखीच्यांकडे ओढ्यालगतच्या वाफ्यात ती चार अंश निघाली, आणि त्याच आवारात दक्षिणेकडच्या भिंतीपाशी जेमतेम एक. यंदा त्यांनी नाजूक रोपं भिंतीपाशी हलवली आणि ओढ्याकडे कांदा लावला.